चंबळच्या वाळूवर दीड महिना

नागपूरहून दिल्लीला जाणाऱ्या माणसाला चंबळ नदी चुकत नाही. ग्वाल्हेर गेलं, मुरैना गेलं, की पुलाचा खडखडाट सुरू होतो आणि डब्यातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "हीच बरं का ती डाकूंची चंबळ!" सगळे खिडकीशी वाकतात. खाली निळं पाणी, पिवळी वाळू आणि काठानं मातीच्या भेगाळलेल्या घळी. दोन मिनिटांत पूल संपतो, धौलपूर येतं आणि लोक पुन्हा आपापल्या डब्यातली पोळी-भाजी उघडतात. मीही आयुष्यात वीसेक वेळा असाच तो पूल ओलांडला. 2019 च्या एप्रिलमध्ये मात्र मी त्या पुलाच्या अलीकडेच उतरले आणि दीड महिना तिथे राहिले. त्या दीड महिन्याची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पक्ष्यांचं घरटं, अंडी, उबवण हा धडा दरवर्षी यायचा. फळ्यावर मी अंड्याची आकृती काढायची, पिवळा बलक पिवळ्या खडूनं भरायची. पण खऱ्या घरट्याजवळ दहा मिनिटं बसून त्यात काय चाललं आहे, हे मी कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, "बाई, चंबळच्या वाळूवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास चालू आहे. मदतनीस हवे आहेत. पदवी नको, पगार नाही. अक्षर वाचता येण्याजोगं हवं आणि उन्हात बसायची तयारी हवी." मी म्हटलं, अक्षर तर माझं चांगलं आहेच. आणि उन्हाचं म्हणाल, तर ज्या बाईनं नागपूरचे इतके नवतपे काढले तिला उन्हाचा धाक कोण घालणार? खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, एवढ्या तयारीवर मी निघाले. हा माझा अहंकार चंबळनं चार दिवसांत उतरवला, ते पुढे येईलच.

ज्या पक्ष्यासाठी हा खटाटोप होता, त्याचं नाव पाणचिरा. तिकडचे लोक त्याला पनचीरा म्हणतात. डोक्यावर काळी टोपी, अंग पांढरं, पंख काळपट आणि लांब, चोच लाल-केशरी. या चोचीची तऱ्हा न्यारी. वरची अर्धी चोच आखूड, खालची अर्धी लांब. हा पक्षी पाण्याला जवळजवळ पोट टेकवत उडतो, चोच उघडी ठेवतो आणि खालची पाती पाण्यात बुडवून पाणी चिरत जातो. मासा पातीला लागला की वरची चोच झटकन मिटते. गंमत म्हणजे अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लाच्या चोचीच्या दोन्ही पाती सारख्याच असतात. खालची पाती नंतर वाढते.

समुद्रावर जे कुरव आणि सुरय पक्षी आपण पाहतो, त्यांच्याच कुळातला हा पक्षी. आपल्या महाराष्ट्रातही समुद्रपक्ष्यांची अशी वसाहत आहे, ती वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवर. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते ए. ओ. ह्यूम पक्षितज्ज्ञही होते आणि एकोणिसाव्या शतकात ते त्या खडकांवर जाऊन आले होते. तिथल्या पक्ष्यांना खवळलेला समुद्र तरी राखतो. नदीवर घर करणाऱ्या त्यांच्या भाईबंदांना असा राखणदार नाही. एकेकाळी पाणचिरा पार मेकाँग नदीपर्यंत होता. आता तिथून तो गेला. सगळ्या जगात मिळून प्रौढ पक्षी तीन हजारांहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे. त्यातले बरेचसे वीण करायला येतात ते आपल्याच देशातल्या नद्यांवर, आणि त्यात चंबळचं स्थान फार वरचं.

चंबळ इतकी स्वच्छ कशी राहिली, याचंही आश्चर्य वाटतं. तिला द्रौपदीचा शाप आहे असं लोक मानत आले. तिच्या काठी मोठी तीर्थक्षेत्रं झाली नाहीत, घाट झाले नाहीत. मग डाकूंचं भय. 1960 मध्ये आपल्या पवनारचे विनोबा याच भिंड-मुरैनाच्या घळींतून पायी फिरले आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. 1972 मध्ये जयप्रकाशजींसमोर आणखी मोठं समर्पण झालं. शाप आणि बंदूक या दोघांनी मिळून नदी राखली म्हणायची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुसरींसाठी इथे अभयारण्य झालं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत ते पसरलं आहे.

आमचा मुक्काम काठावरच्या एका गावात होता. अभ्यासाची प्रमुख होती तिशीच्या आतली एक मुलगी. माझ्या विद्यार्थिनी शोभेल अशी. ती मला काकू म्हणे आणि चुकलं की काकूला स्वच्छ शब्दांत सांगे. आमचे नावाडी म्हणजे साठीचे मल्लाह. ते मला बहनजी म्हणत. शिवाय गावातली दोन मुलं घरट्यांवर रात्रंदिवस पहारा द्यायला नेमली होती.

काम काय, तर पहाटे साडेचारला उठायचं, नावेनं नदीतल्या वाळूच्या बेटाशी जायचं आणि उन्ह चढायच्या आत परत फिरायचं. बेटावर पाय ठेवायची परवानगी वीस मिनिटं, तीही रोज नाही. बाकीचा वेळ समोरच्या काठावर कापडाच्या आडोशाला बसून दुर्बिणीतून पाहायचं. घरटं म्हणजे घरटं नसतंच. वाळूत पोटानं फिरून केलेली एक उथळ वाटी, तिच्यात दोन-तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. पहिल्या दिवशी मी उभी होते तिथून हातभर अंतरावर अंडी होती आणि मला ती दिसत नव्हती. नावाडी काकांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "बहनजी, पैर उठाके नहीं, देखके रखिए." तीस वर्षं दुसऱ्यांना 'नीट बघा' सांगणाऱ्या बाईला त्या दिवशी बघायला शिकावं लागलं.

प्रत्येक घरट्याला क्रमांक. खुणेची काडी घरट्यापासून ठरावीक अंतरावर रोवायची, कारण घरट्याशेजारीच रोवली तर कावळ्यांना पत्ता सांगितल्यासारखं होतं. कोल्ही-कुत्री आपल्या वासाच्या मागे येतात, म्हणून घरट्यापर्यंत जाऊन तिथूनच परत फिरायचं नाही. शेजारून पुढे चालत जायचं, म्हणजे आपल्या वाटेचं टोक घरट्यावर संपत नाही. अंडं किती दिवसांचं आहे हे ओळखायची युक्तीही तिथेच कळली. ते पाण्यात सोडायचं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. दिवस भरत जातात तसं आतलं पाणी उडून हवेची जागा वाढते, अंडं उभं राहू लागतं आणि शेवटी तरंगतं. आपण घरी शिळं अंडं ओळखायला हेच करतो. हे काम मात्र ती मुलगी स्वतः करी, आणि तेही मोजक्याच अंड्यांचं.

त्या बेटावर पाणचिऱ्यांच्या जोडीनं नदी सुरय आणि आर्ली पक्ष्यांचीही घरटी होती. सुरय फार तिखट. आपण बेटावर उतरलो की ते ओरडत डोक्यावर सूर मारतात, टोपी नसेल तर टाळूला चोच बसते. पाणचिरा त्यामानानं गरीब. असे भांडखोर शेजारी असले की त्याच्या घराचंही आपोआप रक्षण होतं. आपल्याकडे वाड्यात एक तोंडाळ म्हातारी असायची तसंच.

आता माझी चूक सांगते. चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही बेटावरून परतलो आणि नावेत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, चष्म्याचं घर बेटावरच राहिलं. मी म्हटलं, "दोन मिनिटांत आणते." ती मुलगी मागच्या नावेत होती, नावाडी काकांना नको म्हणवेना. मी उतरले. घर पटकन सापडेना. मी शोधत राहिले. सगळी वसाहत हवेत उठली होती, डोक्यावर कल्लोळ चालला होता आणि उन्ह चढत होतं. मला वाटलं, पक्षी घाबरलेत, बसतील परत. पण मुद्दा पक्ष्यांच्या घाबरण्याचा नव्हता. भर उन्हाळ्यात पक्षी अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. उघड्या वाळूवर अंडं पडून राहिलं तर ते आतल्या आत शिजतं. मी तिथे नक्की किती वेळ होते ते मला आजही सांगता येत नाही, कारण मी घड्याळ पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ती मुलगी एवढंच म्हणाली, "काकू, वीस मिनिटं म्हणजे वीसच मिनिटं. तुमचा चष्मा नागपुरात दुसरा मिळेल."

मी ज्या भागात शोधत होते तिथल्या दोन घरट्यांतली अंडी पुढे फुटलीच नाहीत. माझ्यामुळेच का, हे कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. न फुटणारी अंडी प्रत्येक वसाहतीत असतात. पण त्या दोन घरट्यांचे क्रमांक माझ्या ध्यानात पक्के राहिले आहेत.

पुढच्याच आठवड्यात आडोशात बसून मी एक दृश्य पाहिलं. दुपारचा एक वाजला असेल. वाळूवरची हवा पाण्यासारखी हलत होती. माझ्या डोक्यावर दुपट्टा, हातात मिठाचं पाणी, तरी डोळ्यांपुढे अंधारी येत होती. एक पाणचिरा अंड्यांवरून उठला, पाण्यापर्यंत गेला, पोटाची पिसं पाण्यात भिजवली आणि परत येऊन त्या ओल्या पोटानं अंड्यांवर बसला. थोड्या वेळानं जोडीदार आला, त्यानंही तेच केलं. पहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तासाभरात किती खेपा झाल्या ते मी टिपत गेले. आमच्या घरी कूलरला वाळ्याचे पडदे लावतात आणि त्यावर पाणी मारतात ना, तीच ही युक्ती, फक्त इथे पडदा स्वतःच्या अंगाचा. चष्म्याच्या घरासाठी आपण यांना किती वेळ हवेत ठेवलं, हे मला त्या दुपारी खरं कळलं.

मे महिना लागला आणि पाणी उतरायला लागलं. चंबळवर 1960 सालापासून धरणं आहेत, गांधीसागर आहे, कोट्याचा बंधारा आहे. वरून पाणी किती सुटतं आणि वाटेत किती उपसलं जातं यावर खालच्या वाळूचं नशीब ठरतं. अचानक जास्त पाणी आलं तर अंडी वाहून जातात. कमी झालं तर बेट हे बेट राहत नाही, काठाला जोडलं जातं. मग गुरं येतात, कुत्री येतात. त्यात वाळूउपशाचा ताण. बेकायदा उपसा तिथे साधी गोष्ट नाही. 2012 मध्ये मुरैना जिल्ह्यात बेकायदा उत्खनन अडवायला गेलेले तरुण पोलीस अधिकारी नरेंद्र कुमार यांचा ट्रॅक्टरखाली चिरडून मृत्यू झाला होता. तिथे पक्ष्याच्या घरट्याची काय कथा!

बेट आणि काठ यांच्यामधल्या पाण्याची खोली मोजणं हे माझं रोजचं काम होतं. खुणा केलेली काठी घेऊन पाण्यात उतरायचं आणि आकडा लिहायचा. सुरुवातीला पाणी मांडीच्या वर लागायचं. मग गुडघ्याला लागलं. मग एके दिवशी पोटरीशी आलं. त्या दिवसापासून पहाऱ्याची दोन्ही मुलं बेटाच्या टोकाशी झोपू लागली. हातात काठी, बॅटरी आणि वाजवायला रिकामा डबा.

मग एका रात्री आंधी आली. उत्तरेकडच्या मे महिन्यातली ती धुळीची आंधी पाहिल्याशिवाय तिची कल्पना येत नाही. डोळे उघडता येत नव्हते. नाव सुटून जाईल म्हणून दोन्ही मुलं नाव धरायला गेली. आंधी संपायला पाऊण तास लागला असेल. त्या पाऊण तासात कुत्री पाण्यातून चालत बेटावर आली. आदल्या दिवशी माझ्या तक्त्यात पाणचिऱ्यांची 26 घरटी होती. सकाळी आम्ही गेलो तेव्हा 11 उरली होती.

त्या मुलांपैकी एक जण वाळूवर बसून रडत होता. वय अठरा-एकोणीस असेल. आम्ही त्याला बोल लावू अशी त्याला भीती होती, पण रडण्याचं कारण ते नव्हतं. तो म्हणाला, "सात नंबर में आज-कल में बच्चा निकलने वाला था." त्यालाही माझ्यासारखेच क्रमांक पाठ होते.

त्या दिवशी मला तक्ता भरायचा होता. क्रमांक एक, अंडी शून्य. क्रमांक दोन, अंडी शून्य. शून्य लिहायला किती जड जातं! काही घरट्यांजवळ कवचाचे तुकडे होते, काहींजवळ काहीच नव्हतं. मला वाटलं, असेल एखादं पिल्लू फुटून लपलेलं. पिल्लं वाळूत अशी चिकटून बसतात की दिसत नाहीत. मी एका ठिकाणी 'पिल्लू असण्याची शक्यता' असं लिहिलं. ती मुलगी म्हणाली, "काकू, पाहिलंत का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग 'दिसले नाही' लिहा. 'नाही' लिहू नका आणि 'असेल' लिहू नका." 'नाही' आणि 'दिसले नाही' यांत किती अंतर आहे, हे मी तीस वर्षांत एकाही वर्गाला शिकवलं नव्हतं. आशेनं भरलेला तक्ता पक्ष्याच्या कामाचा नसतो. खरा शून्य लिहिला तरच पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणू शकतं की पाणी पोटरीशी आलं की दोन माणसं पुरत नाहीत, चार लागतात.

उरलेल्या 11 घरट्यांतली काही मी निघायच्या आधी फुटली. वाळूच्या रंगाचे ते गोळे, त्यांच्या सारख्या पातींच्या चोची, सगळं मी दुर्बिणीतून पाहिलं. जून लागायच्या आत मी परतले, त्यामुळे त्यातली किती उडाली ते मी पाहिलं नाही. म्हणून सांगतही नाही.

या कामात आपली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी बरीच वर्षं आहे. काठच्या गावांतल्या लोकांनाच मानधन देऊन घरट्यांचे राखणदार करायचं, ही पद्धत तिच्या अभ्यासकांनी चंबळवर रुजवली. त्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञ परवीन शेख यांना 2025 मध्ये व्हिटली पुरस्कार मिळाला. ही बातमी मी पेपरात वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वाळूवर रडत बसलेला तो मुलगा आला. पुरस्कार त्याच्यासारख्या मुलांपर्यंतही पोचला, असं मी मानते.

परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, काय मिळवलंस? हातांची साल निघाली होती, चेहरा काळवंडला होता. मी काही सांगू शकले नाही. पण पुढच्या उन्हाळ्यापासून, जमेल तेव्हा, मी पहाटे कन्हान नदीवर जाऊ लागले. आपल्या विदर्भातल्या नद्यांच्या पात्रांत उन्हाळ्यात डांगरवाड्या लागतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. टरबूज, डांगर, काकडी. त्याच वाळूवर सुरय, आर्ली आणि टिटवी अंडी घालतात. इतकी वर्षं मी तिथून टरबुजं आणली, अंडी कधी पाहिली नाहीत. मुळात मी शोधलीच नव्हती.

एका डांगरवाडीवाल्या आजोबांना मी विचारलं, "बाबाजी, इथं पाखरं अंडी देतात का?" ते म्हणाले, "देतेत ना, बाई. टिटवी त दरसाली देते. उंचावर दिली का पाऊस जास्त, खाली दिली का कमी." मग त्यांनी मला वेलांच्या दोन ओळींमधली एक मोकळी जागा दाखवली. भोवती चार काटक्या रोवलेल्या. मध्ये चार अंडी. तेवढ्या जागेत ते पाणीही घालत नव्हते आणि पायही टाकत नव्हते. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्याचं मानधनही मिळत नव्हतं. मी वही काढली आणि लिहिलं : टिटवी, अंडी चार, राखणदार एक.

पण ही वाळू कमी होते आहे. गोसीखुर्दच्या पाण्याखाली वैनगंगेचं कितीतरी वाळूपात्र गेलं. धरणानं शेतीला पाणी दिलं, हे मी विसरत नाही. उरलेल्या पात्रातून ट्रक भरभरून वाळू निघते आणि आपल्याच घरांना लागते. माझं घरही वाळूनंच बांधलेलं आहे, तेव्हा मी कोणाला उपदेश करायच्या जागी नाही. माझं म्हणणं एवढंच, की फेब्रुवारी ते जून या काळात नदीच्या वाळूवर कोणीतरी नांदतं आहे, हे आपल्याला निदान माहीत असावं. सहलीला गेलात तर कुत्रं मोकळं सोडू नका. वाळूत गाडी घालू नका. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालू लागले तर ते गाणं नाही, "पायाखाली बघा" असं सांगणं आहे. मागे फिरा.

आणि कुठे असा अभ्यास चालू असेल, मग तो चंबळचा असो की आपल्या गोंदियाच्या सारसांचा, तर एक उन्हाळा किंवा एक पावसाळा त्याला द्या. वयाची अट नाही. अक्षर वाचता येण्याजोगं हवं, आणि जे दिसलं नाही ते 'दिसले नाही' असं लिहायची तयारी हवी.

आजही दिल्लीच्या गाडीत तो खडखडाट सुरू झाला की शेजारचं कोणीतरी म्हणतं, "हीच बरं का ती डाकूंची चंबळ!" मीही खिडकीशी वाकते. मला मात्र काठाच्या घळींऐवजी पाण्यामधली पिवळी वाळू आधी दिसते. बेट आणि काठ यांच्यामध्ये पाणी किती उरलं आहे, ते मी चालत्या गाडीतून नजरेनं मोजते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)